तिकीट कापण्याआधी

घराची वाटणी झाली की भांडी मोजतात, सोनं तोलतात, शेताचे गुंठे काढतात. पत्रं कुणी मोजत नाही. आपल्या भागातल्या जुन्या घरांत सोप्यात खुंटीला एक तार अडकवलेली असायची. वरचं टोक वाकवून अणकुचीदार केलेलं, खाली लाकडाची नाहीतर पत्र्याची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. तार भरली की ती माळ्यावर जायची आणि खुंटीला नवी तार यायची. पन्नास-साठ वर्षांची पत्रं अशी माळ्यावर चढतात आणि वाडा पाडायची वेळ आली की एका दुपारीत खाली येतात. मग घरातली मुलं कात्री घेऊन तिकिटं कापून घेतात. उरलेला कागद बंबात, नाहीतर रद्दीत. मुलांना वाटतं, किमती तेवढं आपण घेतलं.

मैत्रिणींनो, गेली बावीस वर्षं मी तिकिटं, जुनी कार्डं आणि त्यांच्यावरचे पोस्टाचे शिक्के जमवते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. तिकीट सरकार छापतं, ते लाखांनी छापलेलं असतं आणि कुठंतरी कुणाकडंतरी मिळतंच. शिक्का मात्र त्या एका पत्रावर, त्या एका दिवशी, त्या एका गावात पडलेला असतो. आणि आपल्या आज्या-पणज्यांचं अक्षर, गाव आणि तारीख एकत्र असलेला दुसरा कागद बहुतेक घरांत नसतो. जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचं नाव नाही, दुकानाच्या वहीत नाही, गावच्या इतिहासात तर नाहीच. जे काही आहे ते या कार्डांवर आहे. म्हणून तिकीट कापण्याआधी जरा थांबा, एवढंच सांगायला हा लेख.

थोडं मागं जाऊ या. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि सिंध प्रांतसुद्धा त्याच इलाख्यात. त्या सिंधमध्ये बार्टल फ्रिअर या कमिशनरनं १ जुलै १८५२ ला अर्ध्या आण्याचं 'सिंध डाक' तिकीट काढलं. आशिया खंडातलं हे पहिलं टपाल तिकीट. पुढं १८५४ च्या ऑक्टोबरपासून सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली. त्याआधी पत्र जितकं लांब जाईल तितका खर्च जास्त असायचा. आता अंतराचा प्रश्न मिटला आणि फक्त वजनाचा राहिला. ते वजन कशात मोजायचे, माहीत आहे? तोळ्यात! पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन आणे. सोन्यासारखं पत्र तोलायचं म्हटल्यावर कागद पातळ हवा, अक्षर बारीक हवं आणि समासही वाया घालवायचा नाही. आपल्या बायकांना हा हिशेब कुणी शिकवायला नको.

साध्या माणसाच्या हातात टपाल खऱ्या अर्थानं आलं ते १ जुलै १८७९ ला, पोस्टकार्ड निघालं तेव्हा. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. जगातलं पहिलं कार्ड ऑस्ट्रियात १८६९ मध्ये निघालं होतं, म्हणजे दहा वर्षांत ते आपल्याकडं पोचलं. लगेच पुढच्या वर्षी, १८८० पासून, पोस्टातून मनीऑर्डर जाऊ लागली. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाचे पैसे गावात बायकोच्या हातात पडायची सोय झाली आणि त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहायची जागासुद्धा मिळाली. ज्यांना एक पैसाही जड होता ते तिकीट न लावता पत्र टाकायचे. आपल्याकडं त्याला 'नॉटपेड' म्हणतात. घेणाऱ्यानं दुप्पट भरायचं. असं पत्र दारात आलं की घेऊ की नको असा घोळ व्हायचा, आणि शेवटी बाईच डब्यातली चिल्लर काढायची.

तिकीटसंग्रहाच्या जगात मोठी नावं वेगळी आहेत. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर काही ठिकाणी राणी व्हिक्टोरियाचं डोकं उलटं छापलं गेलं, ती चूक आज लाखमोलाची झाली आहे. गांधीजींची तिकिटं १५ ऑगस्ट १९४८ ला स्वित्झर्लंडमधून छापून आली. त्यांतल्या दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' असं छापून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी फक्त १०० तिकिटं केली होती. त्यांतली चार, एकमेकांना जोडलेली, २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. हे वाचून कुणी माळ्यावर चढू नका. आपल्या तारेवर तसलं काही निघणार नाही. आपल्याकडं निघेल ते बाजारात दहा-वीस रुपयांचं कार्ड, आणि त्यावर एक काळा गोल शिक्का.

तो शिक्का वाचायला शिकलं पाहिजे. गोलाच्या कडेनं पोस्टाचं नाव असतं, मधे तारीख, महिना, वर्ष, आणि पुष्कळदा टपाल निघाल्याची वेळ. हा शिक्का तिकिटावर पडतो, ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. आता कार्ड उलटसुलट करून बघा. जुन्या कार्डांवर बहुतेक वेळा दुसराही शिक्का सापडतो, तो पत्र पोचलं त्या पोस्टाचा. पत्र वाटपाला देण्याआधी तिथंही तारीख मारायचे. म्हणजे पत्र कधी निघालं आणि कधी पोचलं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. वाटेत रेल्वेच्या डब्यात छाननी झाली असेल तर आर.एम.एस. चा तिसरा शिक्का. तिकीट कापलं की त्याच्याबरोबर पहिल्या शिक्क्याचा अर्धा गोल जातो. मग गाव राहतं आणि तारीख जाते, नाहीतर तारीख राहते आणि गाव जातं.

आपल्या भागाचा सगळा इतिहास अशा शिक्क्यांतून वाचता येतो. पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्याकडं जाणारी रेल्वे १८८० च्या दशकाच्या अखेरीस झाली आणि बेळगावचं टपाल गाडीनं जाऊ लागलं. निपाणीला रेल्वे कधी आलीच नाही. तंबाखूची एवढी मोठी पेठ, पण टपालाच्या थैल्या रस्त्यानंच यायच्या. तरी व्यापाऱ्यांच्या कार्डांचा भरणा निपाणीचाच. भाव काय, माल किती, हुंडी पोचली का, एवढाच मजकूर. त्यांतली जुनी कार्डं मोडीत लिहिलेली. पत्ता मोडीत, गावाचं नाव इंग्रजीत, शिक्का इंग्रजीत, आणि खाली कुणीतरी कानडीत केलेली नोंद. तीन लिप्या एका हाताएवढ्या कागदावर! आपल्या घरांतही तसंच असतं. सासर मराठी, माहेर कानडी, देवळाला आपण 'बस्ती' म्हणतो आणि आईला 'अव्वा'. आज त्या मोडीतलं एक अक्षरही नातवंडांना लागत नाही, म्हणून ती कार्डं सगळ्यात आधी रद्दीत जातात.

बेळगाव ही लष्कराची छावणी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली माणसं मेसोपोटेमियात गेली, दुसऱ्यात इटलीत. तिकडून आलेल्या पत्रावर गावाचं नाव नसायचं. 'एफ.पी.ओ.' आणि पुढं एक आकडा, बस. फौज कुठं आहे ते शत्रूला कळू नये म्हणून रणभूमीवरच्या पोस्टांना नाव नसे, नंबर असे. शिवाय पत्र तपासल्याचा सेन्सॉरचा शिक्का. घरी बसलेल्या बाईला एवढंच कळायचं की या तारखेला तो जिवंत होता. तो कुठं होता ते कळायचं नाही. अजूनही आपल्याकडच्या सैनिकांच्या घरांत '५६ ए.पी.ओ.' हा पत्ता लहान मुलांनाही पाठ असतो. भूगोलाच्या कुठल्याही नकाशात न सापडणारं ते गाव, पण तिथं लाडू पोचतात.

दुसरीकडं गोवा. तिथं पोर्तुगीजांचं वेगळं पोस्ट होतं, १८७१ पासून त्यांची वेगळी तिकिटं. बेळगावहून चार-पाच तासांच्या वाटेवर राहणारी बहीण परदेशात गणली जायची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती तिकिटं इतिहासजमा झाली. त्या दोन काळांतली दोन पाकिटं शेजारी ठेवली की मुलांना गोव्याचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि तारखांचं मोल बघा. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन. त्या आठवड्यातलं बेळगावच्या शिक्क्याचं एखादं कार्ड तुमच्याकडं असेल, त्यात 'गर्दी फार, दूध मिळत नाही' एवढंच लिहिलेलं असेल, तरी ते जपून ठेवा. पुस्तकांत भाषणं आहेत. दुधाचं कुणी लिहिलेलं नाही.

आता सीमेचं थोडं. हा विषय आपल्या भागात जपून बोलायचा आहे, पण कार्डं त्याबद्दल फार सरळ बोलतात. आधी पत्त्यात 'मुंबई इलाखा' असायचं, मग 'मुंबई राज्य'. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. घर तेच, गल्ली तीच, पोस्टमन तोच, आणि पत्त्याची शेवटची ओळ तीनदा बदलली. माझ्याकडं एकाच घरात आलेल्या पत्रांचा एक गठ्ठा आहे. १९५६ च्या आधी पत्ता पूर्ण असायचा. नंतर ता. चिकोडी, जि. बेळगाव, आणि पुढं काहीच नाही. पत्र पाठवणारे पाच-सहा वेगवेगळे, तरी सगळ्यांनी राज्याचं नाव गाळलेलं. कुणी जुनं लिहीत नाही, कुणाला नवं लिहवत नाही. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, त्यावर किती कागद खर्ची पडले असतील! पण माणसांच्या मनात काय होतं ते या मोकळ्या सोडलेल्या ओळीइतकं स्पष्ट मला कुठं दिसलं नाही.

ती ओळ शेवटी भरली पिनकोडनं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं अनेक, लिप्या अनेक, म्हणून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली. त्यात पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारवर, कर्नाटक पाचवर. कागल ४१६२१६ आणि निपाणी ५९१२३७. एसटीनं अर्ध्या तासाचा रस्ता, पण आकड्यात चाराचे पाच होतात. तरी पत्र जायचंच. राज्याचं नाव लिहा की लिहू नका, आकडा बरोबर असला की कार्ड दारात. २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, शिक्के बदलले, पिनकोड ५९०००१ तसाच राहिला.

हे झालं गावांचं. बायकांचं काय?

पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, सासरा वाचतो, शेजारचा पोरगा मोठ्यानं वाचून दाखवतो. बंद पाकिटाला जास्त पैसे, आणि सुनेनं पाकीट मागितलं की सगळ्यांच्या भुवया वर. इनलँड पत्र १९५० मध्ये निघालं, पण ते खेड्यातल्या सुनेच्या हातात यायला बरीच वर्षं गेली. म्हणून कार्डावर बायकांचा मजकूर ठरलेला. 'इकडील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी. लहानांस आशीर्वाद.' दुःख लिहायची जागाच नाही. मग दुःख कसं कळवायचं? आमच्या पणजीनं यावर तोड काढली होती. लेक सासरी जाताना तिनं सांगून ठेवलं, पत्रात 'परसातल्या शेवग्याला शेंगा आल्या का?' असं विचारलंस की आम्ही समजू, तुला न्यायला यायचं. ती लेक म्हणजे माझी आजी, आईची आई. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन संकेश्वरला दिलेली, माहेर निपाणीचं.

आजोळचा वाडा पाडला तेव्हा तिथल्या तारा माझ्याकडं आल्या. त्यांत आजीच्या हातची तीन कार्डं निघाली, सगळी १९५१ च्या पावसाळ्यातली. तिन्हींत क्षेम आहे, काळजी नसावी, आणि शेवटी शेवग्याची चौकशी. पावसाळ्यात शेवग्याला कुठल्या शेंगा! आजी आयुष्यभर सांगायची, 'त्या वर्षी हिरण्यकेशीला पूर आला, टपाल अडकलं, नाहीतर बाबा लगेच आले असते. पत्रं मिळाली तेव्हा दिवाळी आली होती.' माहेरी गेल्यावर तिला तसंच सांगितलेलं होतं. आणि कार्डं काय सांगतात? संकेश्वरचा शिक्का ९ जुलै, निपाणीचा ११ जुलै. दुसरं २४ जुलैला निघालं, २६ ला पोचलं. तिसरं ११ ऑगस्टला निघालं, १३ ला पोचलं. तिन्हींच्या मधोमध तारेचं भोक. भोक असलेल्या कार्डाला जमवणारे किंमत कमी देतात. मला मात्र ते भोक म्हणजे पत्र वाचून झाल्याची खूण वाटते.

पणजोबांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. लग्न झालेली लेक मधेच घरी आणली की गावात चार तोंडं चार गोष्टी बोलायची. त्या काळच्या बापाला दिवाळीचं निमित्त लागत असे. आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती पुराची गोष्ट मनाशी धरून सुखानं गेली. कार्डं मी आईला दाखवली. आईनं चष्मा लावला, दोन्ही शिक्के बोटानं वाचले, आणि म्हणाली, 'म्हणजे पोस्टानं आपलं काम केलं होतं.' एवढंच. मग ती उठून चहा ठेवायला गेली. ही तीन तिकिटं कुणी कात्रीनं कापून वहीत चिकटवली असती, तर आमच्या घरातली ही गोष्ट पुरातच वाहून गेली असती.

आपल्या समाजाच्या कार्डांची ओळख तर माथ्यावरच पटते. 'श्री वीतरागाय नमः' आणि मजकुरात 'सादर जयजिनेंद्र'. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचा जन्म १८९९ चा, आणि तोसुद्धा आपल्या निपाणीजवळच्या स्तवनिधीला. सभेचं 'प्रगति आणि जिनविजय' घरोघरी पोचायचं ते पोस्टानंच. वर गुंडाळलेल्या कागदाच्या पट्टीवर पत्ता आणि सवलतीचं तिकीट असायचं. अंक काहींनी जपले, पट्ट्या कुणीच जपल्या नाहीत. आणि क्षमावाणीची कार्डं! दशलक्षण पर्व संपलं की भाद्रपद वद्य प्रतिपदेला घरातल्या मोठ्यांनी कार्डांचा गठ्ठा आणायचा आणि आम्ही मुलांनी पत्ते लिहायचे. 'वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा असावी.' मजकूर सगळ्यांना एकच. पण माझ्याकडं एक कार्ड असं आहे, ज्यात छापील मजकुराखाली एका जावेनं दुसऱ्या जावेला शाईनं लिहिलंय, 'हे छापलेलं आहे म्हणून नव्हे, मनापासून.' क्षमा कुणी कुणाला, कशाबद्दल मागितली ते त्या दोघींबरोबर गेलं. तारीख राहिली आहे. आता क्षमावाणी फोनवर येते, एका बोटानं दोनशे जणांना, आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

तिकिटांतही आपली माणसं, आपली तीर्थं आहेत. मुलांना दाखवायला सोपं म्हणून सांगते. स्वतंत्र भारतानं १५ ऑगस्ट १९४९ ला पुरातन वास्तूंची जी माला काढली, त्यात सहा आण्यांच्या तिकिटावर विजापूरचा गोलघुमट होता आणि सगळ्यात महागड्या पंधरा रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाला १३ नोव्हेंबर १९७४ ला पंचवीस पैशांचं तिकीट निघालं, त्यावर पावापुरीचं मंदिर आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराला हजार वर्षं झाली तेव्हा ९ फेब्रुवारी १९८१ ला एक रुपयाचं तिकीट आलं. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील १९८८ मध्ये तिकिटावर आले. आणि आपल्या जिल्ह्याची कित्तूरची राणी चन्नम्मा १९७७ मध्ये. ही तिकिटं कोरीही छान दिसतात. पण १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला गेलेल्या एखाद्या आत्यानं तिथून घरी टाकलेलं, त्या गावाच्या शिक्क्याचं साधं कार्ड मिळालं तर मी कोरी दहा तिकिटं देऊन ते घेईन.

जमवलेल्या कार्डांत एक जागा मात्र कायम रिकामी राहते. लग्नाच्या कार्डाच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू असतं, ती कार्डं जपली जातात. निधनाची बातमी घेऊन येणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. ते वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. त्यामुळं आपल्या तारांवर जन्म आहेत, बारशी आहेत, लग्नं आहेत, मरण नाही. एखादी मावशी दर महिन्याला पत्र लिहिते आणि मग अचानक तिचं अक्षर थांबतं. ती कधी गेली ते शेवटच्या शिक्क्यावरून अंदाजानं ठरवावं लागतं. शिक्के तारखेनं लावून ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

स्वाध्यायात एका बाईंनी मला विचारलं, 'आपण अपरिग्रहाच्या गोष्टी करतो आणि तुम्ही कपाटभर कागद जमवता, हे कसं?' प्रश्न रास्त आहे. जमवून कुलपात ठेवलं, कुणाला दाखवलं नाही, तर तो परिग्रहच. पण आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या जोडीला शास्त्रदान आहे. मूडबिद्रीला धवल ग्रंथाच्या ताडपत्रांच्या पोथ्या शतकानुशतकं जपल्या गेल्या, म्हणून १९३९ पासून त्या छापून लोकांच्या हातात आल्या. जपणारे नसते तर वाटायला काय उरलं असतं? कार्ड म्हणजे काही शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण जपायचं आणि वाटायचं, ही रीत तीच. म्हणून मी ठरवलं आहे, एका गावाची कार्डं त्या गावच्या शाळेत, बस्तीत, महिला मंडळात नेऊन दाखवायची. मूळ मागितलं आणि जपणारं माणूस भेटलं तर देऊनही टाकायचं.

दाखवतानाही भान हवं. पत्र कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं असतं. नाव, पत्ता, भांडण, आजार हे चारचौघांत वाचायचं नाही. पत्त्याची बाजू, शिक्का, तिकीट दाखवायला हरकत नाही. मजकूर दाखवायचा तर त्या घरातल्या माणसाला विचारून. आजीची गोष्ट मी आईला विचारूनच इथं लिहिली आहे.

ज्यांच्या माळ्यावर अजून तारा आहेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहारातलं. पत्रं तारेतून ओढून काढू नका. भोक फाटतं. चकतीकडची बाजू मोकळी करून एकेक हलक्या हातानं काढा. ब्रशनं किंवा मऊ फडक्यानं धूळ झाडा, ओलं फडकं लावू नका, शाई पसरते. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. टेपचा डिंक दहा वर्षांत पिवळा डाग पाडतो. सावलीत वारं देऊन, वर्षाप्रमाणं लावून, कागदी पाकिटांत भरा. कार्डावर पेनानं काही लिहू नका, कुणाचं पत्र आहे ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. ती चिठ्ठी मात्र आजच लिहा, कारण 'हे अक्षर कुणाचं' हे ओळखणारं माणूस घरात एखादंच उरलेलं असतं आणि ते ऐंशीच्या पुढचं असतं. मग फोननं दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तिकिटं आधीच कापलेली असली तर कोमट पाण्यात भिजवून कागद सोडवा आणि उलटी ठेवून वाळवा. नातवंडांना गोडी लागली तर पोस्टाची 'दीनदयाळ स्पर्श' योजना आहे, सहावी ते नववीच्या मुलांसाठी. परीक्षेतून निवड झाली की तिकीटसंग्रहासाठी वर्षाला सहा हजार रुपये मिळतात.

हे सगळं आता का सांगते? तार, म्हणजे टेलिग्राम, २०१३ च्या जुलैत बंद झाली. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं. पाकिटावर आता काळ्या रेघांची पट्टी चिकटवलेली असते, ती यंत्राला वाचता येते, आपल्याला नाही. कार्ड पन्नास पैशाला मिळतं, पण ते घ्यायला कोण जातं? गोल शिक्का, त्यात गावाचं नाव आणि तारीख, हे आपल्या पिढीबरोबर संपत आलं आहे.

आपल्याकडं ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, बस्तीतल्या पोथ्या बाहेर काढून झाडतात, नवी वेष्टनं घालतात, पूजा करतात. त्याच दिवशी घरी येऊन माळ्यावरची तारही खाली काढा. अव्वा किंवा आजी असेल तर तिला शेजारी बसवा, आणि एकेक कार्ड तिच्या हातात द्या. आधी पत्ता वाचा, मग दोन्ही शिक्के. मजकूर ती तुम्हाला सांगेल. कात्री त्या दिवशी कपाटातच राहू द्या.